खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं?

गेल्या अंकात २००८ च्या अमेरिकेतल्या घरकर्जाच्या संकटावर लिहिलं होतं, त्यात शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की दोष दोन्ही पक्षांचा आहे. त्या एका वाक्यावरून एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की मूळ लेख बाजूलाच राहिला. काहींना वाटलं मी क्लिंटनला वाचवतोय, काहींना वाटलं बुशला, एकाने तर सरळ विचारलंय की तुम्हाला पैसे कुणी दिले (अजून तरी कुणी नाही, या सदराचं मानधनसुद्धा वेळेवर येत नाही). म्हणून यावेळी फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतलेत. प्रश्न थोडे कापलेत, शिव्या पूर्ण कापल्यात.

ऑफिसमध्ये लंचला हा विषय निघाला की आमचा एक सीनियर कलीग हमखास म्हणतो, डेमोक्रॅट्सनी १९७७ मध्ये कायदा करून बँकांना गरीब आणि काळ्या वस्त्यांमध्ये कर्ज द्यायची सक्ती केली, तिथूनच सगळं बिघडलं. मला पटत नाही पण पटकन उत्तरही देता येत नाही. खरं काय आहे?
*एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी*

त्याला आधी एवढंच विचारा की कायदा १९७७ चा आणि बुडालेली कर्जं २००५, ०६, ०७ ची, मग मधली पंचवीस-तीस वर्षं हा कायदा झोपला होता का?

कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट हे त्याचं नाव, जिमी कार्टरच्या काळातला. त्याआधी काय चालायचं, तर काळ्या लोकांच्या वस्तीतून बँका डिपॉझिट घ्यायच्या पण तिथलाच माणूस कर्ज मागायला आला की नन्नाचा पाढा, १९३० च्या दशकातल्या सरकारी नकाशांवरच त्या वस्त्या लाल रंगाने रंगवलेल्या होत्या. कायदा म्हणाला जिथून ठेवी घेता तिथल्या लोकांची कर्जाची गरजही बघा, आणि त्याच कायद्यात लिहिलंय की हे सगळं बँकेच्या सुरक्षित कारभाराला धरून करा. बुडीत कर्ज वाटा असं त्यात कुठेही नाही, आणि कोटाही नाही.

दुसरं म्हणजे हा कायदा लागू फक्त ठेवी घेणाऱ्या बँकांना. न्यू सेंच्युरी, अमेरिक्वेस्ट अशा ज्या कंपन्यांनी सबप्राइमचा, म्हणजे पत कमी असलेल्यांना जास्त व्याजाने दिलेल्या कर्जांचा, धुमाकूळ घातला त्या ठेवी घेतच नव्हत्या, वॉल स्ट्रीटकडून पैसे उचलायचे, कर्ज वाटायचं, ते कर्ज पुन्हा वॉल स्ट्रीटलाच विकायचं आणि पुढचं गिऱ्हाईक शोधायचं असा धंदा होता. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेने, नंतर हिशोब केला तेव्हा महागड्या व्याजाच्या कर्जांपैकी जेमतेम ६ टक्के कर्जांचा या कायद्याशी संबंध निघाला.

आणि हे तर त्याला जरूर सांगा. डिसेंबर २०११ मध्ये कंट्रीवाइड या घरकर्ज कंपनीने ३३.५ कोटी डॉलर भरून अमेरिकन सरकारबरोबर प्रकरण मिटवलं, आरोप असा की २ लाखांहून जास्त काळ्या आणि हिस्पॅनिक कर्जदारांकडून गोऱ्यांपेक्षा जास्त पैसे उकळले, त्यातल्या हजारो लोकांना तर चांगल्या दराचं कर्ज मिळू शकत असताना सबप्राइममध्ये ढकललं. २०१२ मध्ये वेल्स फार्गो बँकेनेही अशाच आरोपावर १७.५ कोटी डॉलर भरले. म्हणजे ज्यांना लुटलं त्यांच्याच नावाने बोंब. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

एक गोष्ट मात्र तुमच्या कलीगच्या बाजूची आहे, ती नाकारू नका. घर घ्या, घर घ्या हा सरकारी जप दोघांनीही केला. क्लिंटनने १९९५ मध्ये घरमालकी वाढवायची राष्ट्रीय योजना आणली, धाकट्या बुशने २००२ मध्ये ५५ लाख नवे अल्पसंख्याक घरमालक करायचं लक्ष्य जाहीर केलं. रघुराम राजन यांनी नंतर यावर चांगला मुद्दा मांडला होता की पगार वाढत नव्हते, ते वाढवणं कठीण होतं, म्हणून राजकारण्यांनी लोकांना कर्ज देऊन खूश ठेवलं. हे दोन्ही पक्षांना लागू आहे, आणि म्हणूनच बहुतेक दोघांनाही आवडत नाही.

मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. आमच्याकडे दोन जामीनदार आणि सातबारा बघितल्याशिवाय साहेब फाइलला हात लावत नाहीत. तिकडे उत्पन्न न बघता कर्ज दिलं असं वाचलं ते खरंच शक्य आहे का? का उगाच वाढवून सांगतात?
*एक वाचिका, सातारा जिल्हा*

वाढवून नाही हो, उलट कमीच सांगतात.

आपल्याकडची गृहकर्जाची फाइल तुम्हाला पाठ असेल, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट, सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन. तिकडे २००४ ते ०६ या काळात एक प्रकार फोफावला, त्याला स्टेटेड इन्कम म्हणायचे, म्हणजे फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना, त्यात जो आकडा लिहाल तो खरा मानायचा, कागद मागायचा नाही. धंद्यातलेच लोक याला आपसात लायर लोन, म्हणजे खोटारड्याचं कर्ज, म्हणायचे. आणि आकडा बऱ्याचदा कर्जदार लिहायचाच नाही, दलाल लिहायचा, कारण कर्ज पास झालं की त्याचं कमिशन, आणि गिऱ्हाइकाला जास्त व्याजाचं कर्ज चिकटवलं की कमिशन अजून जास्त.

आता हप्त्याचं बघा. सगळ्यात जास्त विकला गेलेला प्रकार म्हणजे ३० वर्षांपैकी पहिली २ वर्षं ठरलेला दर आणि नंतरची २८ वर्षं बदलता दर. उदाहरण म्हणून २ लाख डॉलरचं कर्ज धरा, पहिली दोन वर्षं ७ टक्के, हप्ता साधारण १३३० डॉलर. तिसऱ्या वर्षी दर १० टक्क्यांवर गेला की हप्ता साधारण १७४० डॉलर. पगार तोच, घर तेच, दर महिन्याला ४०० डॉलर जास्त. दलाल आधीच सांगून ठेवायचा की तेव्हा बघू, घराची किंमत वाढलेली असेल, नवीन कर्ज घेऊन जुनं फेडू. किमती चढत होत्या तोवर हे खरंच चाललं. २००६ च्या मध्यावर किमती थांबल्या आणि मग उतरायला लागल्या, त्याच वेळी फेडरल रिझर्व्हचा दर १ टक्क्यावरून चढत चढत ५.२५ वर गेलेला होता. नवीन कर्ज कोण देणार?

तुमचे साहेब फाइलला हात लावत नाहीत कारण कर्ज थकलं तर ते तुमच्याच संस्थेच्या वहीत थकतं. तिकडे कर्ज देणाऱ्याकडे ते राहतच नव्हतं, हजारो कर्जांची मोट बांधून त्याचे रोखे करायचे आणि जगभर विकायचे, अगदी जर्मनीतल्या बँकांनासुद्धा. त्या रोख्यांना ट्रिपल ए चा, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असल्याचा, शिक्का मारणाऱ्या रेटिंग एजन्सीची फी रोखे काढणारी कंपनीच द्यायची, म्हणजे परीक्षकाचं मानधन विद्यार्थ्याच्या खिशातून. २००६ मध्ये एकट्या मूडीज या एजन्सीने कामाच्या दर दिवशी घरकर्जाच्या ३० रोख्यांना ट्रिपल ए दिलं, आणि त्या वर्षीच्या त्या रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचं रेटिंग पुढे उतरवावं लागलं. हे आकडे या संकटावरच्या अमेरिकन चौकशी आयोगाच्या अहवालातले आहेत.

तुम्ही रिपब्लिकन पक्षाला फार सौम्यपणे घेता. १९३३ चा ग्लास-स्टीगल कायदा ज्यांनी मोडला त्यांनीच बँकांना सट्टा खेळायला मोकळं सोडलं, हे शाळेतलं पोरगंही सांगेल.
*एक वाचक, नाशिक*

पोरगं सांगेल, पण अर्धंच सांगेल.

ठेवी घेणारी बँक आणि शेअर-रोख्यांचा धंदा करणारी बँक वेगळी ठेवा हा १९३३ चा नियम, तो १९९९ मध्ये काढला. ज्यांच्या नावाने नवा कायदा ओळखला जातो ते ग्रॅम, लीच आणि ब्लायली तिघंही रिपब्लिकन. पण सिनेटमध्ये अंतिम मतदान झालं ९० विरुद्ध ८, आणि सही केली क्लिंटनने. १९९८ मध्ये सिटीकॉर्प ही बँक आणि ट्रॅव्हलर्स ही विमा कंपनी यांनी कायदा बदलायच्या आधीच एकत्र येऊन सिटीग्रुप व्हायचं ठरवूनही टाकलं होतं. क्लिंटनचे अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन त्याच वर्षी म्हणजे १९९९ मध्ये सिटीग्रुपमध्ये गेले, आणि फिल ग्रॅम सिनेटमधून निवृत्त होऊन यूबीएस या स्विस बँकेत. पक्ष वेगळे, लिफ्ट एकच.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. बुडालं कोण ते बघा. बेअर स्टर्न्स आणि लेहमन ब्रदर्स या निव्वळ इन्व्हेस्टमेंट बँका, जुना कायदा असता तरी त्यांना कुणी अडवलं नसतं. वॉशिंग्टन म्युच्युअल घरकर्ज देणारी जुन्या वळणाची संस्था. एआयजी विमा कंपनी. सिटीचा अपवाद करू, पण बाकीच्यांना १९९९ च्या कायद्याची गरजच नव्हती.

माझ्या मते त्यापेक्षा जास्त नडला तो डिसेंबर २००० चा कायदा, आणि त्याबद्दल लंच टेबलावर कुणी भांडत नाही. १९९८ मध्ये ब्रुक्सली बॉर्न नावाच्या बाई कमोडिटी फ्युचर्सच्या, म्हणजे वायदे बाजाराच्या, नियामक होत्या, त्यांनी नुसतं एवढंच सुचवलं की बाजाराबाहेर होणाऱ्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांवर (दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेले करार) काही देखरेख हवी का याची चर्चा तरी करू. तर फेडरल रिझर्व्हचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन, रुबिन आणि रुबिनचे डेप्युटी लॅरी समर्स हे सगळे त्यांच्यावर तुटून पडले, काँग्रेसने (म्हणजे तिकडच्या संसदेने) त्यांचे हात बांधले, १९९९ मध्ये बाई पद सोडून गेल्या. पुढच्या वर्षी नाताळच्या तोंडावर भल्यामोठ्या बजेट विधेयकात अडीचशेहून जास्त पानांचा एक तुकडा खोचून हे व्यवहार देखरेखीबाहेरच काढून टाकले. एआयजीने घरकर्जांच्या रोख्यांवर जी अफाट हमी विकली आणि ज्यापायी १६ सप्टेंबर २००८ ला सरकारला तिला वाचवायला ८५०० कोटी डॉलर द्यावे लागले, ती याच मोकळ्या रानात. क्लिंटनने २०१० मध्ये टीव्हीवर कबूल केलं की डेरिव्हेटिव्हबद्दल रुबिन आणि समर्स यांचा सल्ला चुकीचा होता आणि आपण तो ऐकायला नको होता. बॉर्नबाईंना मात्र तोवर लोक विसरलेही होते.

यूट्यूबवर बार्नी फ्रँकची २००३ ची क्लिप फिरते, त्यात तो फॅनी मे आणि फ्रेडी मॅकची बाजू घेऊन बोलतोय. यापेक्षा अजून कोणता पुरावा पाहिजे?
*एक वाचक, डोंबिवली*

क्लिप खरी आहे. (बार्नी फ्रँक हा डेमोक्रॅट खासदार, आणि फॅनी-फ्रेडी म्हणजे बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या, सरकारी पाठबळाच्या दोन कंपन्या.) घरांच्या बाबतीत आपण अजून थोडे फासे टाकून बघू, अशा अर्थाचं तो बोलला होता आणि ते त्याला जन्मभर चिकटलं, चिकटायलाच हवं होतं.

फक्त क्लिपमध्ये एक गोष्ट दिसत नाही. २००३ मध्ये बार्नी फ्रँक विरोधी बाकांवर होता. हाउस म्हणजे संसदेचं खालचं सभागृह १९९५ पासून जानेवारी २००७ पर्यंत सलग रिपब्लिकनांच्या हातात. फॅनी-फ्रेडीला लगाम घालणारं विधेयक २००५ मध्ये हाउसने ३३१ विरुद्ध ९० असं पास केलं, ते आणणारे माइक ऑक्सली रिपब्लिकन, आणि त्याला मवाळ म्हणून नाक मुरडलं ते बुशच्या व्हाइट हाउसने. सिनेटमध्ये एक कडक विधेयक कमिटीतून पक्षनिहाय मतांवर बाहेर आलं, डेमोक्रॅट सगळे विरोधात, आणि मग ते मतदानाला आलंच नाही, तिथे बहुमत होतं रिपब्लिकनांचं. शेवटी नवा नियामक मिळाला जुलै २००८ मध्ये, डेमोक्रॅट काँग्रेसकडून, बुशच्या सहीने. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ७ सप्टेंबरला, दोन्ही कंपन्या सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या. वरातीमागून घोडं.

या दोन कंपन्या काही साधू नव्हत्या. फॅनी मेने नफ्याचे आकडे फिरवले, त्यापायी २००६ मध्ये ४० कोटी डॉलर दंड भरला, आणि लॉबिंगवर दोन्ही पक्षांना पाण्यासारखा पैसा वाटला. पण सबप्राइमचा जो खरा कहर, २००४ ते ०६, त्यात यांचा बाजारातला वाटा घटत होता, वॉल स्ट्रीटचे खासगी रोखे पुढे होते आणि हे मागून धावत होते. मजा म्हणजे २००८ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार मॅकेनच्या जाहिराती ओबामाला फॅनीच्या जुन्या प्रमुखाशी जोडत होत्या आणि तेव्हाच बातमी आली की मॅकेनच्या प्रचारप्रमुखाच्या फर्मला फ्रेडी मॅककडून महिन्याला १५ हजार डॉलर जात होते.

ओबामाने बँकांना ७०० अब्ज वाटले आणि सामान्य माणसाला काही दिलं नाही. यावर तुम्ही गप्प का?
*एक वाचक, रत्नागिरी*

गप्प नाही, पण तारीख बघा ना. ओबामाने शपथ घेतली २० जानेवारी २००९ ला. ७०० अब्ज डॉलरचा कायदा ३ ऑक्टोबर २००८ चा, सही बुशची, मागणी त्यांच्या अर्थमंत्र्याची, म्हणजे हेन्री पॉलसनची, जो आधी गोल्डमन सॅक्सचा प्रमुख होता. २९ सप्टेंबरला पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा हाउसने तो पाडला, २०५ बाजूने, २२८ विरोधात. बुशच्या स्वतःच्या पक्षातले ६५ बाजूने आणि १३३ विरोधात, डेमोक्रॅट १४० बाजूने आणि ९५ विरोधात. मतं मोजली जात असतानाच टीव्हीच्या कोपऱ्यात डाऊ जोन्स घसरत होता, दिवसअखेर ७७७ अंश खाली. निवडणूक पाच आठवड्यांवर होती, ज्यांची सीट धोक्यात त्यांना बँकांसाठी हात वर करायचा नव्हता. चार दिवसांनी थोडी करसवलत वगैरे मसाला घालून तोच कायदा २६३ विरुद्ध १७१ असा पास झाला. सिनेटर म्हणून ओबामा आणि मॅकेन दोघांनीही बाजूने मत दिलं होतं.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग बरोबर आहे. घर वाचवायची ओबामाची योजना ३० ते ४० लाख कुटुंबांसाठी म्हणून आली आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या आकड्याच्या जवळपासही गेली नाही, कागदपत्रं बँकांकडे हरवायची, लोक तीन तीनदा फॅक्स करायचे. बँकांनी पैसे व्याजासकट परत केले, घरं गेली ती गेली. आणि गंमत अशी की त्या योजनेची घोषणा झाली त्याच आठवड्यात शिकागोच्या ट्रेडिंग फ्लोअरवरून एका टीव्ही निवेदकाने आरडाओरडा केला की शेजाऱ्याच्या कर्जाचे पैसे आम्ही का भरायचे, त्यातून टी पार्टी ही उजवी चळवळ उभी राहिली. अडीच वर्षांनी डावीकडून ऑक्युपाय वॉल स्ट्रीट. राग एकच होता, बोटं मात्र एकाने सरकारकडे दाखवली, दुसऱ्याने बँकेकडे.

आमच्या नागपूरचे विक्रम पंडित तेव्हा सिटीग्रुपचे सर्वेसर्वा होते. मराठी माणूस एवढ्या मोठ्या पदावर गेला याचा अभिमान बाळगायचा की लाज?
*एक वाचक, नागपूर*

दोन्हीची गरज नाही, नोकरी होती त्यांची. पंडित प्रमुख झाले डिसेंबर २००७ मध्ये, तोवर घाण करून ठेवणारे चक प्रिन्स बाहेर पडले होते. संगीत वाजतंय तोवर नाचावंच लागतं, असं जुलै २००७ मध्ये म्हणणारे हेच ते प्रिन्स. पंडितांच्या काळात सिटीला सरकारकडून ४५ अब्ज डॉलर घ्यावे लागले, वर ३०० अब्जांहून जास्त मालमत्तेची हमी. फेब्रुवारी २००९ मध्ये आठ बँकांचे प्रमुख काँग्रेस कमिटीसमोर एका रांगेत बसवले होते, अध्यक्षस्थानी आपले तेच बार्नी फ्रँक. सिटीचं ५ कोटी डॉलरचं नवीन विमान लोकांच्या ओरडण्यामुळे नुकतंच रद्द झालं होतं, पंडित म्हणाले की नवीन परिस्थिती मला कळली आहे आणि बँक नफ्यात येईपर्यंत वर्षाला १ डॉलर पगार घेईन. घेतलाही. सरकारला सिटीत शेवटी सुमारे १२ अब्जांचा फायदाच झाला.

अभिमानवाल्यांसाठी एक आकडा. पंडित सिटीत आले ते त्यांचा स्वतःचा हेज फंड सिटीने २००७ मध्ये सुमारे ८० कोटी डॉलरला विकत घेतला म्हणून, आणि तो फंड सिटीला वर्षभरातच गुंडाळावा लागला.

फार फाटे फुटतात तुमच्या उत्तरांना. एका वाक्यात सांगा, दोष कुणाचा?
*एक वाचक, कोल्हापूर*

एका वाक्यात: ज्यांच्या हातात थांबवायचा अधिकार होता आणि ज्यांनी तो वापरला नाही, त्यांचा. आता फाटे फोडतो, नाराज होऊ नका.

वरची सगळी भांडणं बघा, १९७७ चा कायदा, १९९९ चा, २००८ चं मतदान. या सगळ्यात कुणीतरी काहीतरी केलंय, त्याची नोंद आहे, मतांची यादी आहे, म्हणून भांडता येतं, निवडणुकीची जाहिरात करता येते. न केलेल्या गोष्टीची यादी कुठे असते?

१९९४ मध्ये, क्लिंटनच्या काळात, काँग्रेसने फेडरल रिझर्व्हला एक अधिकार दिला होता: लबाडीने दिल्या जाणाऱ्या घरकर्जांवर बंदी घाला, सगळ्या कर्जदात्यांना लागू होईल अशी, ठेवी घेणाऱ्या असोत वा नसोत. म्हणजे न्यू सेंच्युरीसकट सगळे. कायदा तयार, पेन तयार. फेडमधलेच एक गव्हर्नर, एडवर्ड ग्रॅमलिक, त्यांनी २००० च्या सुमाराला ग्रीनस्पॅनना सांगितलं की या कर्ज कंपन्यांच्या तपासणीला माणसं पाठवू. ग्रीनस्पॅनना ते पटलं नाही. अधिकार मिळाल्यावर सर्वांना लागू होणारे मोठे नियम आले जुलै २००८ मध्ये, चौदा वर्षांनी, तेव्हा न्यू सेंच्युरीला दिवाळखोरीत जाऊन सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. ग्रॅमलिक २००७ मध्येच वारले.

ग्रीनस्पॅन कुणाचा माणूस? नेमला रेगनने, मुदत वाढवली थोरल्या बुशने, मग क्लिंटनने दोनदा, मग धाकट्या बुशने. आता सांगा कुठल्या पक्षाच्या डोक्यावर फोडणार? ऑक्टोबर २००८ मध्ये काँग्रेसमधल्या हेन्री वॅक्समनच्या कमिटीसमोर त्यांनी मान्य केलं की बँका आपल्या भागधारकांचं हित स्वतःच जपतील या माझ्या समजात दोष निघाला. बस, एवढंच. घरी गेले.

आणि हे कळत नव्हतं असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनाने १९९९ मध्ये, जॉर्जियाने २००२ मध्ये स्वतःचे कायदे केले होते लबाड कर्जांविरुद्ध. २००४ मध्ये केंद्रीय बँक नियामकाने नियम काढला की हे राज्यांचे कायदे राष्ट्रीय बँकांना, म्हणजे केंद्राचा परवाना असलेल्या बँकांना, लागू नाहीत. दोन्ही पक्षांचे राज्यांचे ॲटर्नी जनरल एकत्र येऊन विरोधात उभे राहिले, कुणी ऐकलं नाही. स्वतः काही करायचं नाही आणि जो करतोय त्याचा हातही धरायचा, मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात वाईट पान हे आहे, आणि हे बुशच्या काळातलं आहे, इथे मी दोन्हीकडे सारखं वाटप करणार नाही.

चौकशी आयोगाचं काय झालं तेही ऐका. दहा सदस्य, सहा डेमोक्रॅटांनी नेमलेले, चार रिपब्लिकनांनी. जानेवारी २०११ मध्ये अहवाल आला, सहा जणांनी सही केली, तिघांनी वेगळं मत दिलं आणि उरलेल्या एकाने त्यांच्याहून वेगळं. त्याआधी महिनाभर रिपब्लिकन सदस्यांनी अहवालात वॉल स्ट्रीट आणि डीरेग्युलेशन (नियम सैल करणं) असे शब्दच नकोत असा आग्रह धरला होता. वॉल स्ट्रीट शब्द न वापरता २००८ चा अहवाल!

आपल्याकडे तेव्हा असं का झालं नाही? आपले लोक हुशार म्हणून की नशीब म्हणून?
*एक वाचिका, पवई*

तुम्ही पवईच्या, म्हणजे तुम्हाला झळ दिसली असेल. लेहमनचं मोठं बॅक ऑफिस पवईतच होतं, लेहमन बुडाल्यावर ते जपानच्या नोमुराने घेतलं. शेअर बाजारही जानेवारी २००८ मध्ये २१ हजाराला टेकलेला, ऑक्टोबरमध्ये ८ हजाराच्या आसपास. तेव्हा अगदी सुटलो असं नाही.

पण बँका वाचल्या, त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांचा मोठा हात. २००४ च्या शेवटी घरकर्जाचं रिस्क वेट ५० वरून ७५ टक्के केलं, म्हणजे प्रत्येक गृहकर्जामागे बँकेने स्वतःचं भांडवल जास्त अडकवून ठेवायचं, बिल्डरांच्या कर्जावर त्याहून जास्त. तेव्हा बँकावाले वैतागले होते, अर्थमंत्रालयाशी त्यांचे खटके उडायचे हे जगजाहीर होतं. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांची मुदत संपली आणि दहा दिवसांत लेहमन गेली.

मग काय, तिकडे दोषासाठी भांडण तर इकडे श्रेयासाठी. काँग्रेसवाले म्हणाले इंदिराजींनी १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं म्हणून वाचलो, डावे म्हणाले आम्ही चार वर्षं सरकारला विमा आणि बँका मोकळ्या करू दिल्या नाहीत म्हणून वाचलो. रिस्क वेटच्या नावाने मत कोण मागणार, पोस्टरवर छापलं तरी कुणाला कळणार नाही.

शेवटी तुरुंगात कोण गेलं? एकही राजकारणी?
*एक वाचक, लातूर*

अमेरिकेत राजकारणी शून्य. संकटाच्या काळातल्या रोख्यांच्या किमती फुगवून दाखवल्याबद्दल क्रेडिट स्वीसच्या एका ट्रेडरला २०१३ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली, मोठ्या बँकेतला नाव घेण्यासारखा तोच एक. बेअर स्टर्न्सच्या दोन फंड मॅनेजरांवर खटला चालला, २००९ मध्ये सुटले. कंट्रीवाइडचे अँजेलो मोझिलो पैसे भरून मोकळे झाले.

राजकारण्यावर खटला चालला तो आइसलँडमध्ये. सव्वातीन लाख लोकांचा देश, आपल्याकडच्या मध्यम शहराएवढा, ऑक्टोबर २००८ मध्ये त्याच्या तिन्ही मोठ्या बँका एकाच आठवड्यात कोसळल्या. त्यांच्याकडे मंत्र्यांवर खटला चालवायचं खास कोर्ट १९०५ पासून कायद्यात होतं, कधी बसलंच नव्हतं. २०१० मध्ये संसदेने ३३ विरुद्ध ३० मतांनी माजी पंतप्रधान गेर हार्दे यांना त्यासमोर उभं केलं, बाकी तीन मंत्र्यांची नावंही यादीत होती पण त्यांना थोडक्या मतांनी सोडलं, कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही यावरही अर्थात पक्षाचंच राजकारण झालं. एप्रिल २०१२ मध्ये निकाल आला. मोठ्या आरोपांतून सुटले, एकात दोषी: देशावर एवढं संकट येतंय हे माहीत असून त्यावर मंत्रिमंडळाची बैठक घेतली नाही. न केल्याबद्दल दोषी ठरलेला माझ्या माहितीतला हा एकच. शिक्षा काही नाही, खटल्याचा खर्चही सरकारने भरला, आणि २०१५ मध्ये त्यांना अमेरिकेत आइसलँडचे राजदूत म्हणून पाठवलं.